एना आराबाचा घासलेला डेरा

१

"नेला तो नेला, वर घासून पण ठेवला मेल्यानं!"

खाडीच्या काठावर, ओल्या वाळूत, एना आराबाचा मोठा डेरा पालथा घालून ठेवलेला होता. आतून बाहेरून लख्ख. काल संध्याकाळी हाच डेरा तिनं गळ्यापर्यंत अहेईनं, मक्याच्या गोड पेयानं, भरून, वर पांढरं फडकं बांधून पडवीत ठेवला होता. आणि आज मंगळवार. मंगळवारी या किनाऱ्यावर कुणी समुद्रात होडी घालत नाही, समुद्रदेवाचा तो सुट्टीचा दिवस. झाडून सगळे पुरुष गावात, जाळी दुरुस्त करत बसलेले, आणि तहानलेले. एना आराबाची निम्मी विक्री मंगळवारची. नेमका त्याच दिवशी डेरा रिकामा.

ही तिसरी खेप होती.

सार्जंट एसिल्फी गुडघा दाबत वाळूत वाकला आणि त्यानं डेऱ्यात नाक घालून हुंगलं. पोलिसातून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गावात कोंबडी हरवली तरी लोक अजून त्याच्याच दारात येत. त्यालाही ते आवडायचं. बायको गेल्यापासून घरात बोलायला रेडिओशिवाय कुणी नव्हतं.

"काय वास येतोय?" एनानं विचारलं.

"वाळूचा."

"तीस वर्षं सरकारचा पगार खाल्लास तो एवढ्यासाठीच का रे?"

जमलेल्या बाया खिदळल्या. पण एना हसत नव्हती. एना म्हणजे आई. सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. मका भिजवायचा, मोड आणायचे, भरडायचा, आंबवायचा, उकळायचा, आणि शेवटी कढईत साखर जाळून तिचा तांबूस पाक त्यात ओतायचा, ही तिची अहेई. एल्मिनाहून गाड्या घेऊन लोक यायचे तिच्यासाठी. शहरात कंपन्यांचं रंगीत पाणी पिऊन आलेली पोरंही गावात पाय ठेवल्या ठेवल्या आधी एनाच्या पडवीत जाऊन भोपळ्याची वाटी तोंडाला लावायची.

"आता मी पण ऐकून घेणार नाही," एना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "शुक्रवारी सकाळी अंडी आणि जिनची बाटली घेऊन खाडीच्या तोंडाशी जाते. देवापुढं अंडी फोडते आणि त्या चोराला शापते. नाव माहीत नसलं म्हणून काय झालं? देवाला माहीत आहे. पोट फुगून मरेल मेला!"

बायांचं खिदळणं थांबलं. गावात चर्चला न जाणारा माणूस सापडायचा नाही, पण अंड्यांच्या शापाला न भिणाराही सापडायचा नाही. असा शाप एकदा दिला की मागं घेता येत नाही, निदान सहजासहजी तरी नाहीच.

सार्जंटनं डेऱ्याकडं पुन्हा एकदा पाहिलं. चोरी त्यानं पुष्कळ पाहिली होती. चोरलेलं भांडं घासून, निथळायला पालथं घालणारा चोर मात्र तो पहिल्यांदाच बघत होता.

२

"आधी सगळं सांगा," एनाच्या पडवीत स्टुलावर बसत सार्जंट म्हणाला. "पहिल्या खेपेपासून."

"सांगायचं काय? सोमवारी संध्याकाळी केली, मंगळवारी पहाटे डेरा गायब. दुसऱ्या खेपेला तर बारशाची ऑर्डर होती, दोन डेरे केले. एक दुपारी, एक संध्याकाळी. चोरानं संध्याकाळचा नेला आणि दुपारचा ठेवला. पण ठेवला म्हणून साव नाही हं तो! त्यातली पण वाटीभर पिऊन गेला. माझी खूण असते गळ्याशी, तिच्याखाली उतरली होती."

"दोन्ही तुम्ही चाखल्या होत्या?"

"चाखीन कशाला?" एना जवळजवळ दुखावलीच. "माझ्या सासूनं घालून दिलेली रीत आहे. करणाऱ्या हातानं आधी चाखायचं नाही. झाली की पहिली पळी उंबऱ्याशी, गेलेल्या माणसांसाठी. मग गिऱ्हाईक. उरली तर आपण. पाक बरोबर झाला की नाही ते नाक सांगतं, जीभ कशाला लागते?"

सार्जंटनं उंबऱ्याकडं नजर टाकली. वाळूवर तळहाताएवढा काळपट डाग होता, कालच्या पळीचा. डाग स्वच्छ होता, एक मुंगी नव्हती.

"तुला देऊ का रे वाटीभर? डेऱ्यात नाही, पण बाटलीत शुक्रवारची थोडी उरलीय."

"नको, एना. नर्सनं साखर बंद केलीय. गेल्या पावसाळ्यापासून जिभेला लावलेली नाही."

"एसिल्फी आणि अहेई नको म्हणतोय! तुझी बायको ऐकती तर उठून बसली असती." मग तिचा आवाज खाली आला. "एकाच वाटीतनं प्यायचात तुम्ही दोघं. इथंच, या स्टुलावर."

सार्जंटला ती वाटी आठवली.

तेवढ्यात जळका वास आला. डोळे चुरचुरावेत इतका दाट. शेजारी कुणाचं तरी काहीतरी करपतंय, असं त्याला वाटलं. एना मात्र बोलतच होती.

"मला विचारशील तर चोर घरातच आहे. माझी सून, बादुवा. समोर टपरी टाकलीय बघ, फ्रीज काय, कोल्ड्रिंकच्या बाटल्या काय! माझी अहेई नसली की गिऱ्हाईक कुठं जाणार? आणि लबाडी बघ, प्रत्येक चोरीच्या आदल्या दिवशी ही केप कोस्टला गेलेली असते, बाटल्यांचे क्रेट आणायला. संध्याकाळभर नाही. रात्रीची गाडी पकडून येते. मुद्दाम! म्हणजे कुणी संशय घ्यायला नको. घरी असली तर निराळाच ताप. नेमकी माझी साखर कढईत असते तेव्हा हिला सुट्टे पाहिजेत, काडेपेटी पाहिजे. 'एना, जरा येता का?' की मी कढई उतरवून निघाले."

एक तरणी बाई समोरच्या टपरीतून धावत आली, पडवीतून मागं गेली आणि तिनं चुलीवरचं चवळीचं भांडं फडक्यानं उतरवून अंगणात ठेवलं. आतून काळा धूर निघत होता.

"बघ, बघ!" एना म्हणाली. "आता माझ्या चुलीवर पण हिचा हात."

बादुवा तशीच उभी राहिली. तिनं सार्जंटकडं पाहिलं. डोळे भरलेले होते, आणि धुरानं भरलेले वाटत नव्हते.

३

टपरीपुढं कुणीतरी कोल्ड्रिंक सांडलं होतं, तिथं मुंग्यांची जत्रा भरली होती. सार्जंट त्यांना ओलांडून फळीपाशी गेला.

"मी नाही घेतला डेरा," बादुवा आधीच म्हणाली. "पण त्या म्हणतात तर म्हणू देत. मला माहेरी पाठवायचं म्हणतात. यांना तेमा बंदरावर फोन पण केला त्यांनी."

"मग खरं काय ते सांग की."

"खरं सांगितलं तर आणखी वाईट होईल."

"कुणाचं?"

ती फ्रीजचं दार उघडून बाटल्या उगाच इकडच्या तिकडं लावत बसली. "एफो, तुम्ही मोठे आहात, माझ्या थोरल्या भावासारखे. मला हे विचारू नका."

सार्जंटनं नाही विचारलं. दुसरंच विचारलं. "तुझ्याकडं इतक्या बाटल्या आहेत. तुला कुठली आवडते?"

बादुवा पहिल्यांदाच हसली. "यातली एकही नाही. मला एनाचीच लागते."

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आंटी एसाबा होती. तिचीही अहेई होती, डबाबंद दूध घालून विकायची, आणि एनाशी तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

"मी चोरीन?" तिनं पळी आपटली. "मला चोरायचं असतं तर मी डेरा फोडला असता. घासून कशाला देईन? मी माझे डेरे घासत नाही धड." मग इकडंतिकडं बघून ती पुढं वाकली. "एक सांगू, सार्जंट? उन्हाळ्यात एका मंगळवारी तिची गिऱ्हाइकं माझ्याकडं आली होती. थोडी नव्हे, पुष्कळ. विचारलं तर कुणी बोलेना. खाली मान घालून प्याले आणि गेले. मी पैसे घेतले, पण खरं सांगते, मला काही बरं वाटलं नाही. तिच्याकडं बघून तर मी शिकले ना."

"म्हणजे पहिल्या चोरीच्या आधी?"

"हो, आधी. त्यानंतरच डेरे जायला लागले."

सार्जंट परतताना खाडीकाठच्या होड्यांपाशी थांबला. एनाचा नवरा एबो, सगळ्यांचा एग्या म्हणजे बाबा, आपल्या जुन्या होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत होता. वय झालं होतं, कंबर वाकली होती. भरलेला डेरा त्याला उचलणं बापजन्मात शक्य नव्हतं. होडीही कित्येक महिने पाण्यात गेलेली नव्हती, तळाला कोळ्यानं जाळं केलं होतं.

"एग्या, काय म्हणताय? एनाची अहेई चोरीला गेली."

"जाऊ दे. म्हातारपणी गोड कशाला पाहिजे?"

सार्जंटला हे विचित्र वाटलं. रोज संध्याकाळी उरलेली वाटी नवराबायको भांडत भांडत वाटून घेत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग त्याची नजर होडीत गेली. पाणी उपसायचा अर्धा भोपळा फळीवर पडला होता. होडी ठणठणीत कोरडी, मंगळवार असल्यामुळं कुणाचीच होडी पाण्यात नाही, आणि तो भोपळा ओला होता. आतून तांबडाकाळा झालेला.

सार्जंटनं बोट फिरवलं आणि नर्सची माफी मागून जिभेला लावलं.

त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

४

तो तिथून तसाच निघाला. घरी जाऊन स्वतःशीच हिशेब मांडत बसला, आणि हिशेब जुळला तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी त्याला जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी तो बादुवाकडं गेला. "आज एना अहेई करणार ना? तू संध्याकाळी घरात थांबू नकोस. आंटी एसाबाकडं जाऊन बस."

बादुवानं फ्रीजचं दार लावलं. "म्हणजे तुम्हाला कळलं."

"साखर कढईत असताना तुला काडेपेटी का लागते, ते कळलं. वास आला की हाक मारतेस. हाकेला एना उठते, उठताना कढई उतरवते. म्हणून तू असलीस की पाक बरोबर होतो, तू केप कोस्टला गेलीस की होत नाही. बारशाच्या दिवशी तू दुपारी होतीस, संध्याकाळी नव्हतीस."

"मी सांगणार कशी, एफो? सुनेनं सासूला म्हणायचं, तुमचं नाक गेलं? माझी टपरी समोर! त्यांना वाटलं असतं मी त्यांचा धंदा बुडवायला बसलेय. गेल्या हार्मटानच्या कोरड्या, धुळीच्या वाऱ्यात त्यांना ताप आला होता ना, तेव्हापासूनच हे." ती पदरानं डोळे पुसत राहिली. "पण त्यांना एकटं सोडलं तर आज साखर जळणार."

"जळू दे. एकदाच."

मग तो होड्यांपाशी गेला आणि एग्या एबोच्या शेजारी वाळूत बसला. म्हाताऱ्यानं जाळ्यातून मान वर केली नाही.

"एग्या, चोर डेरा घासून का ठेवतो, मला कळेना. मग कळलं. जळका वास मातीत मुरतो. घासला नाही तर पुढची अहेई पण नासेल. म्हणजे चोराला पुढच्या अहेईची काळजी आहे. दोन डेऱ्यांतला तो एकच नेतो, दोन्ही चाखून. आणि वाईट तेवढा नेतो. भरलेला डेरा त्याला उचलत नाही, म्हणून तो भोपळ्यानं उपसतो, बादली बादलीनं खाडीत ओततो, आणि रिकामा डेरा घरंगळत आणतो. एनाच्या उंबऱ्याशी पडलेल्या पळीला मुंगी लागली नव्हती, एग्या. साखर पार जळून कोळसा झाली होती. गोडी उरलीच नव्हती तिच्यात."

एग्या एबोची सुई थांबली.

"उन्हाळ्यात बिघडली पहिल्यांदा," तो म्हणाला. "सगळे गपगुमान प्याले. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही, इतका मान आहे तिला. उरलेली मी एकट्यानं संपवली, तिच्या तोंडी जाऊ नये म्हणून. रात्रभर पोट धरून बसलो. मग इथं जाळी विणताना दोघं बोलत होते, म्हातारीचं झालं आता म्हणून. एसिल्फी, ही बाई कधी काही मागत नाही. एकदाच म्हणाली होती, ज्या दिवशी माझी अहेई लोक थुंकतील, त्या दिवशी मला खाडीत ढकल. आता मी तिला काय सांगू?"

"पण उद्या ती शाप देणार आहे. तुम्हालाच!"

"देऊ दे."

"एग्या!"

"माझं वय झालंय. तसंही जायचंच आहे. तिच्या हातून गेलो तर काय बिघडलं?" आणि म्हातारा चक्क हसला. "फक्त तिला कळता कामा नये. नाही तर माझ्या मागं रडत बसेल."

सार्जंटनं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज रात्री डेऱ्याला हात लावू नका. तेवढं माझं ऐका."

"आणि शाप?"

सार्जंट गुडघा दाबत उठला आणि चालू लागला.

५

शुक्रवारी उजाडताच एना आराबा काळं वस्त्र नेसून निघाली. टोपलीत अंडी, काखेत जिनची बाटली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते तो समोर सार्जंट.

"सापडला का चोर?"

"सापडला. पण आधी मला वाटीभर अहेई द्या."

"शुद्धीवर आहेस ना? तुझी साखर?"

"आज एक दिवस."

एना पुटपुटत आत गेली. डेरा जागेवर होता. ते बघून तिला आश्चर्यच वाटलं. तिनं वाटी भरून आणली. सार्जंट ती हातात धरून उंबऱ्याकडं बघत राहिला.

"एना, ही कालची पळी ना? गेलेल्या माणसांसाठी?"

"हो."

"मुंग्या कुठं आहेत?"

एना वाकली. वाकून बराच वेळ त्या काळ्या डागाकडं बघत राहिली. कोरडा, स्वच्छ डाग. दोन हातांवर, भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती आणि डागाला वळसा घालून पुढं जात होती.

तिनं सार्जंटच्या हातातली वाटी काढून घेतली आणि रीत मोडून स्वतः प्यायली. एक घोट. थुंकली नाही, गिळला.

"कडू," ती म्हणाली. मग पायरीवरच बसली. "हार्मटानपासून मासळीला वास नाही. मला वाटलं, मासळीच तशी येतेय." अंगणाच्या कोपऱ्यात चवळीचं काळं पडलेलं भांडं अजून तसंच होतं. तिची नजर त्यावर गेली आणि तिथून टपरीशी उभ्या असलेल्या बादुवावर. "काडेपेट्या," ती स्वतःशीच म्हणाली. "अगं पोरी. काडेपेट्या."

बादुवा पुढं आली, पण जवळ यायला धजेना. एनानं तिचा हात धरून शेजारी बसवली आणि हात सोडला नाही.

"मग डेरे कोण नेत होतं?" तिनं विचारलं. पडवीच्या खांबामागून एग्या एबो पुढं आला, हातात तो अर्धा भोपळा.

"मी."

एनानं टोपलीतल्या अंड्यांकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं.

"तुला माहीत होतं मी आज कुठं निघाले ते."

"होतं."

"आणि तू बोलला नाहीस."

"तू इतकी रागावली होतीस, आराबा. म्हटलं, रागावू दे."

"मूर्खा!" ती एकदम ओरडली. "म्हाताऱ्या मूर्खा! पोट फुगून मेला असतास ना रे! मी माझ्या हातानं…" पुढं तिला बोलवेना. ती रडायला लागली, मोठ्यानं, गावाला ऐकू जाईल असं, आणि एग्या एबो कंबर सावरत तिच्या दुसऱ्या बाजूला बसला.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं. "उभ्या संसारात कधी एक ताट धुतलं नाहीस. आणि डेरा इतका लख्ख घासता येतो होय तुला?"

"हळू बोल," एग्या म्हणाला. "आता रोज घासायला लावशील."

"लावणारच आहे."

अंडी त्या दिवशी कांदा घालून तळली आणि चौघांनी डोकोनोबरोबर, आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर, खाल्ली. जिनची बाटली एनानं उंबऱ्याशी थोडी ओतली, गेलेल्या माणसांची क्षमा मागून, कारण इतके दिवस तिनं त्यांना कडू पाजलं होतं. उरलेली सार्जंट आणि एग्यानं कुठं ठेवली, ते कुणी विचारलं नाही.

सोमवारी बादुवा केप कोस्टला गेली नाही. संध्याकाळी चुलीवर कढई चढली. एना पळी घेऊन उभी, बादुवा तिच्या खांद्याशी, आणि दारात एग्या एबो, राखेचं फडकं घेऊन.

"आता?" एनानं विचारलं.

"अजून नाही, एना."

साखर वितळली, पिवळी झाली, मग तांबूस.

"आता?"

"थोडं थांबा."

एना थांबली. चुलीपाशी दुसऱ्याच्या शब्दावर ती जन्मात कधी थांबली नव्हती. तिची बोटं पळीवर घट्ट आवळली होती आणि डोळे सुनेच्या चेहऱ्यावर होते.

"आता!"

कढई उतरली. डेरा भरला, पहिली पळी उंबऱ्याशी पडली. मंगळवारी सकाळी सार्जंट आला तेव्हा एना पायरीवर बसून होती, आणि तिच्या पायाशी वाळूचा तो डाग मुंग्यांनी भरून गेला होता.

"बस," ती म्हणाली. आतून एक वाटी आणली, अर्धीच भरलेली. "नर्सला सांगू नकोस. तुझ्या वाट्याची तेवढीच आहे. तुझ्या बायकोची अर्धी मी उंबऱ्याशी ओतलीय."

सार्जंट स्टुलावर बसला आणि हळूहळू प्यायला.